मोटरहोमच्या मागे छोटी गाडी: आधी वजन नाही, गिअरबॉक्स विचारा

विरार लोकलमध्ये लटकून इअरफोनमधलं काही ऐकू येत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून नीट मांडलेत.

विषय वाचून काही जण म्हणतील, "अगं, सांडोरात बसून मोटरहोमच्या गप्पा?" बरोबर आहे. आमच्या गल्लीत समोरून टेम्पो आला की रिक्षा भिंतीला चिकटते, तिथे मोटरहोम कुठून शिरणार? पण प्रश्न आलाय टेक्सासहून. माझा मावसभाऊ तिकडे असतो. त्यानं जुनं मोटरहोम घेतलंय आणि या उन्हाळ्यात मावशी-काका इथून त्याच्याकडे जाणार आहेत. मावशीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला फार चालवत नाही. दादाचा मेसेज असा: "मोटरहोमच्या मागे ओढायला छोटी गाडी शोधतोय. एक सेकंडहँड ऑटोमॅटिक स्वस्तात मिळतेय, वजनाला हलकी आहे. घेऊ का?"

मी म्हटलं, थांब. हलकी आहे ते ठीक, पण गिअरबॉक्स कुठला आहे?

आजचा अख्खा भाग या एका प्रश्नावर आहे. आणि तो फक्त अमेरिकेतल्यांसाठी नाही. वसईच्या पावसात ज्याची गाडी एकदा तरी बंद पडलीय, त्यानं तर शेवटपर्यंत वाचाच.

छोटी गाडी लागतेच कशाला?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. बेड, स्वयंपाकघर, संडास, सगळं आत. दिवसभर चालवायचं, संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर लावायचं. लावलं की विजेची वायर जोडायची, पाण्याचा पाइप जोडायचा, सांडपाण्याचा पाइप जोडायचा, गाडी समतल करायची. आता दूध संपलं. किंवा मावशीला डॉक्टरकडे न्यायचंय. मग हे सगळं सोडवा, पंचवीस-तीस फुटांचं धूड घेऊन दुकानापर्यंत जा, पार्किंग शोधा, परत या आणि पुन्हा सगळं जोडा. कोण करणार?

म्हणून तिकडे लोक मोटरहोमच्या मागे छोटी गाडी बांधून नेतात. मुक्कामाला पोचलं की ती सोडायची आणि गावात फिरायला वापरायची.

आपल्या पाचूबंदरच्या कोळ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोठी बोट खोल पाण्यात नांगरून ठेवायची आणि किनाऱ्याला यायला छोटी होडी. गंमत म्हणजे अमेरिकेत या मागे बांधलेल्या गाडीला 'डिंगी'च म्हणतात. इंग्रजीत गेलेला हा शब्द मूळचा आपल्या देशातला, छोट्या होडीसाठीचा.

ओढायच्या तीन पद्धती

पहिली: चारही चाकं रस्त्यावर. पुढच्या बंपरमागे लोखंडी पट्टी बसवायची, तिला टो बार जोडायचा आणि गाडी मागे चालत येते. सोडायला-जोडायला पाच-दहा मिनिटं. लोकांना हीच पद्धत हवी असते.

दुसरी: डॉली. दोन चाकांची छोटी गाडी असते, तिच्यावर आपल्या कारची पुढची दोन चाकं चढवायची. ज्या कारचं इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं, तिला हे बऱ्याचदा चालतं, कारण फिरणारी चाकं उचललेली असतात. अडचण एकच, मुक्कामी पोचल्यावर ती रिकामी डॉली ठेवायची कुठे?

तिसरी: पूर्ण ट्रेलर. अख्खी कार ट्रेलरवर चढवायची. गिअरबॉक्सला काही धोका नाही, पण ट्रेलरचं वजन वाढतं, लांबी वाढते आणि पट्टे आवळायला रोज कसरत. गुडघे दुखणाऱ्या काकांना ते काम कोण सांगणार?

दादाला पहिलीच पद्धत हवी होती. आणि गोची तिथेच असते.

चाकं फिरतात तेव्हा आत काय फिरतं?

लक्ष देऊन वाचा, कारण उरलेलं सगळं यावर उभं आहे.

गाडी ओढली की तिची चाकं फिरतात. चाकं गिअरबॉक्सला जोडलेली असतात, म्हणजे इंजिन बंद असलं तरी गिअरबॉक्सचे काही भाग आत फिरत राहतात. फिरणाऱ्या भागांना तेल लागतं. आता प्रश्न असा की ते तेल पोचवतंय कोण?

साध्या, हातानं गिअर टाकायच्या गाडीत बरेचसे दाते तेलात बुडालेले असतात. ते फिरले की तेल उडतं आणि सगळीकडे लागतं. म्हणून अशा अनेक गाड्या न्यूट्रलमध्ये ओढता येतात. अनेक म्हटलं मी, सगळ्या नाही.

ऑटोमॅटिक गाडीत तेल फिरवायला पंप असतो आणि तो पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र ताशी शंभरच्या वेगानं फिरतायत. आतले भाग कोरडे घासतात, तापतात आणि काही तासांत गिअरबॉक्सची वाट लागते. न्यूट्रलमध्ये ठेवलंय म्हणून सुटका होत नाही. न्यूट्रल म्हणजे इंजिनाचा संबंध तुटला, चाकांचा नाही.

सीव्हीटीचंही तेच. त्यात दात्यांच्या जागी पुली आणि पट्टा असतो, पण त्यालाही तेलाचा दाब लागतोच.

इलेक्ट्रिक गाडीत तर मोटर सरळ चाकांशी जोडलेली. चाकं फिरली की मोटर फिरते आणि मोटर फिरली की वीज तयार होते. ती वीज जिथे जायला नको तिथे गेली की महागडं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. म्हणून इलेक्ट्रिक गाडी साधारणपणे चाकांवर ओढतच नाहीत, उचलून नेतात.

तात्पर्य काय, तर छोटी आणि हलकी असणं पुरेसं नाही. चारशे किलोनं जड गाडी मजेत ओढली जाईल आणि हलकी गाडी पहिल्याच दिवशी मरेल.

मग कुठल्या गाड्या चालतात?

अमेरिकेत यात सगळ्यात जास्त नाव आहे जीप रँग्लरचं. तिच्यात गिअरबॉक्सच्या पुढे ट्रान्सफर केस असते आणि तिला स्वतःचं वेगळं न्यूट्रल असतं. ते लावलं की चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तुटतो. इतका की ऑटोमॅटिक रँग्लर ओढताना गिअर चक्क पार्कमध्ये ठेवतात!

जुन्या काळी सुझुकी सामुराय हीसुद्धा लोकांची आवडती. ही आपल्या मारुती जिप्सीची सख्खी चुलत बहीण. जिप्सी आपल्याकडे १९८५ मध्ये आली, पोलीस आणि लष्कराच्या ताफ्यात तुम्ही पाहिली असेल. हलकी, साधी आणि ट्रान्सफर केसला न्यूट्रल. आजची जिमनी त्याच घराण्यातली, पण ती अमेरिकेत विकतच नाहीत, नाहीतर दादानं डोळे झाकून घेतली असती.

आता होंडा सीआर-व्ही. ही गोष्ट नीट समजून घ्या. २०१४ पर्यंतची सीआर-व्ही ऑटोमॅटिक असूनही चार चाकांवर ओढायला कंपनीची परवानगी होती, अटींवर. निघण्याआधी इंजिन चालू करून गिअर ठरलेल्या क्रमानं फिरवायचे, न्यूट्रलमध्ये ३ मिनिटं इंजिन चालू ठेवायचं म्हणजे तेल सगळीकडे पोचतं, मग बंद करायचं. वेग ताशी ६५ मैलांच्या, म्हणजे साधारण १०५ किलोमीटरच्या आत. २०१५ मध्ये त्याच नावाच्या, जवळजवळ तशाच दिसणाऱ्या गाडीत सीव्हीटी आला आणि परवानगी गेली.

म्हणजे एक वर्ष इकडचं तिकडे झालं की उत्तर उलटं होतं. "माझ्या मित्राकडे हीच गाडी आहे, तो ओढतो" याला काही अर्थ नाही. त्याचं साल कुठलं, गिअरबॉक्स कुठला, ते विचारा.

मग खरं उत्तर कुठे मिळतं? गाडीच्या मॅन्युअलमध्ये. अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्ये 'रिक्रिएशनल टोइंग' किंवा 'डिंगी टोइंग' नावाचा भाग असतो. विकणारा काय म्हणतो ते सोडा, त्या भागात त्या सालाच्या, त्या गिअरबॉक्सच्या गाडीबद्दल काय छापलंय ते वाचा. दादाला विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "न्यूट्रलमध्ये टाक आणि ने." मॅन्युअल डाउनलोड केलं तर गाडी सीव्हीटीची निघाली आणि स्पष्ट लिहिलेलं, चारही चाकांवर ओढू नका. स्वस्तातली गाडी तिथेच सोडली. आता तो २०१४ ची सीआर-व्ही बघतोय. तिची सीट जरा उंच आहे, मावशीला गुडघे फार न वाकवता बसता येईल. हाही हिशोबाचाच भाग आहे बरं का.

वजनाचं गणित

गिअरबॉक्स पास झाला, की मग वजन. दादाचं मोटरहोम फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर आहे. अशा गाडीवर दोन आकडे बघायचे. एक, मोटरहोमचं स्वतःचं भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन: १४,५०० पौंड. दोन, मोटरहोम आणि मागची गाडी मिळून जास्तीत जास्त वजन: २२,००० पौंड. वजाबाकी केली की उरतात ७,५०० पौंड, म्हणजे साधारण ३,४०० किलो.

दादा खूश. पण मागच्या हुकवर, ज्याला हिच म्हणतात, वेगळी पाटी असते. त्याच्या हिचवर ५,००० पौंड लिहिलंय, म्हणजे साधारण २,२७० किलो. दोन आकड्यांत जो लहान, तो खरा. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच. सीआर-व्ही दीड हजार किलोच्या जरा वर, म्हणजे आरामात बसते. तरी मागच्या गाडीत सामान कोंबायचं नाही, तेही वजनात धरलं जातं.

जोडणी आणि ब्रेक

टो बार जवळपास आडवा, सरळ रेषेत हवा. तो फार तिरका असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची गाडी वर चढायला किंवा खाली घुसायला बघते. दोन्ही बाजूंना सुरक्षा साखळ्या हव्यात. मागच्या गाडीचे ब्रेकलाइट आणि इंडिकेटर मोटरहोमबरोबर लागायला हवेत, कारण मागून येणाऱ्याला तीच गाडी दिसणार. स्टिअरिंग लॉक नको, नाहीतर वळणावर पुढची चाकं घासत जातील.

सगळ्यात महत्त्वाचा ब्रेक. दीड टनाची गाडी ब्रेकशिवाय मागे असेल, तर उतारावर ती मोटरहोमला ढकलते. मोटरहोमचे ब्रेक मुख्यतः त्याच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात. आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट लागते. म्हणून मागच्या गाडीत वेगळी ब्रेक यंत्रणा बसवतात. पुढे ब्रेक दाबला की मागेही लागतो. शिवाय एक सुटका-स्विच असतो: टो बार तुटून गाडी वेगळी झालीच, तर तिचे ब्रेक आपोआप लागतात. कायदा राज्याराज्यात वेगळा आहे, पण मी दादाला म्हटलं, कायदा असो नसो, मावशी पुढच्या गाडीत बसणार आहे, ब्रेक लाव.

आणि हो, चार चाकांवर बांधलेली गाडी घेऊन रिव्हर्स मारता येत नाही. पुढची चाकं वाट्टेल तशी वळतात आणि टो बार वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलात तर उतरा, गाडी सोडवा, मग मागे घ्या.

आपल्याकडे चालेल का हे?

कोणीतरी विचारणारच. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मग मोटरहोमच्या मागे वॅगनआर बांधून कोकणात जाता येईल का?

नाही. १९८९ च्या रस्ते नियमांनुसार मोटारीनं ओढायची ती बंद पडलेली किंवा जोडणी अर्धवट झालेली गाडी, नोंदणी झालेला ट्रेलर किंवा साइडकार. बंद गाडीसुद्धा जवळच्या गॅरेजपर्यंत वगैरे, सहलीला नाही. वर ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसनवाला माणूस बसलेला हवा, नाहीतर तिची पुढची चाकं क्रेननं उचललेली हवीत. २०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे आले, पण मूळ विचार तोच आहे. म्हणजे धडधाकट गाडी रिकामी बांधून फिरणं आपल्याकडे बसत नाही.

मग आपला मार्ग सोपा आहे. आपल्याकडचे बरेच कॅराव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरएवढेच असतात. ते मोकळ्या जागी लावा आणि गावात रिक्षानं जा. घरात दोन चालवणारे असतील तर छोटी गाडी दुसऱ्यानं मागून चालवत आणावी. सांडोरला येणार असाल तर मी तेच सांगेन: मोठी गाडी मेन रोडला ठेवा, आत रिक्षा येते, आणि बावखलाच्या कडेनं चालत आलात तर अजून छान.

आता वसईच्या पावसात

जुलै २०१८ आठवतो ना? लोकल बंद, मिठागरातली माणसं अडकलेली, रस्त्यांवर दिवसेंदिवस पाणी. असं पाणी चढलं की गाड्या बंद पडतात आणि मग टेम्पो, दोरी आणि पाच मदतनीस हजर होतात. मदत मनापासूनच असते. पण आमच्या गल्लीतल्या एका काकांची ऑटोमॅटिक अशीच दोरीनं गॅरेजपर्यंत गेली. पाण्यानं इंजिनाला फारसं काही झालं नव्हतं. खर्च आला तो गिअरबॉक्सचा.

कारण तेच, जे दादाला सांगितलं. चाकं फिरली, पंप बंद होता.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• हातानं गिअर टाकायची गाडी: न्यूट्रलमध्ये, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत दोरीनं नेणं बहुतेक वेळा चालतं.

• ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी: फिरवणारी चाकं उचलून, किंवा सरळ फ्लॅटबेडवर. काही मॅन्युअलमध्ये थोडं अंतर, कमी वेगानं न्यायची मुभा असते. आपल्या गाडीचा आकडा आपण वाचलेला हवा.

• एएमटी: आत साधाच गिअरबॉक्स असतो, पण गिअर यंत्र बदलतं. बॅटरी गेली आणि गाडी गिअरमध्येच अडकली, तर न्यूट्रल मिळत नाही. अशी गाडी ओढू नका.

• इलेक्ट्रिक: दोरी नाहीच. फ्लॅटबेडच.

• चारही चाकांना इंजिन फिरवणारी गाडी: फक्त दोन चाकं उचलून ओढू नका. फ्लॅटबेड.

दोरी लावलीच तर दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको आणि दोरी लांबून दिसेल अशी हवी. मागच्या गाडीवर 'ऑन टो' असा फलक, अक्षरं किमान ७५ मिलीमीटर उंच. १९८९ च्या नियमांत वेगाची मर्यादा ताशी २४ किलोमीटर होती, म्हणजे सायकलवाला पुढे गेला तरी चालेल एवढा वेग. मागे बसणाऱ्यानं किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक काढायचं. आणि त्यानं हे आधीच समजून घ्यायचं की इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग जड होणार, ब्रेकही जोर लावून दाबावा लागणार. घाबरून जायचं नाही, फक्त पाय आधीपासून तयार ठेवायचा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करून बघायची नाही. आत पाणी गेलं असेल तर इंजिन वाकतं.

विमा कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीला फोन कराल तेव्हा नुसतं "टोइंग पाठवा" म्हणू नका. "गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेड पाठवा" असं म्हणा. या एका वाक्यानं मोठा खर्च वाचतो.

आणि आजचा गृहपाठ: ग्लव्हबॉक्स उघडा, मॅन्युअल काढा, टोइंगचं पान शोधा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. गुडघाभर पाण्यात उभं असताना नेट मिळेलच असं नाही, पण गॅलरीतला फोटो सापडतो. घरी बाबांची, काकांची गाडी असेल तर तिचाही काढा, कारण त्यांना विचाराल तर म्हणतील, "अरे, न्यूट्रलमध्ये टाक आणि ने!"

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी जपून चालवा.